दारे धरणे : टर्मिनलचा प्रवाह फाइलकडे वळवण्याविषयी

संगणकाच्या टर्मिनलवरील आज्ञा हा विषय कला शाखेच्या वार्षिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. मी लेखाचा विषय सांगितला तेव्हा आमच्या मराठीच्या सरांनीही तोच प्रश्न विचारला. त्यांना दिलेले उत्तर येथे पुन्हा देते. या विषयातील एक बारीक गोष्ट मला ठाऊक नव्हती, म्हणून माझे चार महिन्यांचे काम एका क्षणात नाहीसे झाले; आणि ते काम मराठी शब्दांचे होते. आज आपल्यापैकी बहुतेकांची टिपणे, मुलाखती व प्रकल्प संगणकातच असतात. तेव्हा जे मला नुकसान सोसून कळले ते इतरांना वाचून कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे गाव निरवांगी, तालुका इंदापूर. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. वीर येथून निघून पुरंदर व बारामती तालुक्यांतून तो आमच्या तालुक्यात येतो. आमचा भाग कालव्याच्या शेवटच्या टोकाकडचा. त्यामुळे पाण्याची पाळी केव्हा येणार आणि किती दिवस राहणार, हा आमच्या घरातील बोलण्याचा कायमचा विषय. मोट गेली, इंजिन आले. इंजिन गेले, विजेची मोटर आली. आता ठिबकच्या नळ्या आल्या. प्रत्येक बदलाबरोबर काही शब्द मागे राहिले. मोटेचे पाणी जेथे ओतले जाते ते थारोळे, बैल जिच्यावरून मागे-पुढे जातात ती धाव, मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, हे शब्द माझ्या धाकट्या भावाला माहीत नाहीत. म्हणून तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी पाण्याचे शब्द गोळा करायचे ठरवले. सांगणारे मुख्यतः माझे आजोबा. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

चार महिन्यांत ४३७ शब्द जमले. प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि आबांच्या बोलण्यातील एक वाक्य. हे सर्व मी जुन्या संगणकावर एका साध्या फाइलीत लिहिले. त्या संगणकावर लिनक्स होते, कारण त्याहून जड प्रणाली त्याला पेलत नव्हती. फाइलीचे नाव होते ‘शब्द’.

दारे धरणे म्हणजे काय

ज्यांनी शेतात पाणी दिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पाटाचे किंवा विहिरीचे पाणी दंडातून शेतात येते. दंडाच्या बाजूने वाफे असतात. ज्या वाफ्याला पाणी द्यायचे त्याचे तोंड खोऱ्याने मोडायचे. तो भरला की मातीने ते बांधायचे आणि पुढच्या वाफ्याचे तोंड मोडायचे. या कामाला दारे धरणे म्हणतात. यात ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, पाणी कोठे जाणार हे पाणी ठरवत नाही, मोटरही ठरवत नाही. ते खोरे हातात धरून उभा असलेला माणूस ठरवतो, आणि पाणी पोचण्याच्या आधी ठरवतो.

युनिक्स व तिच्या वळणावर झालेल्या लिनक्ससारख्या प्रणालींमध्ये नेमकी हीच व्यवस्था आहे. टर्मिनलवर आपण जी आज्ञा लिहितो ती वाचणाऱ्या कार्यक्रमाला शेल म्हणतात. शेल हा दारे धरणारा. आज्ञेतील कार्यक्रम ही मोटर. तिने पाणी उपसायचे. ते कोणत्या वाफ्यात पडते याची तिला वार्ता नसते.

तीन प्रवाह

प्रत्येक कार्यक्रम सुरू होताना त्याला तीन तोंडे मिळतात आणि त्यांना क्रमांक असतात. शून्य क्रमांकाच्या तोंडातून माहिती आत येते. एक क्रमांकाच्या तोंडातून नेहमीचे उत्तर बाहेर पडते. दोन क्रमांकाच्या तोंडातून चुका आणि तक्रारी बाहेर पडतात. आपण काही सांगितले नाही तर शून्य कळफलकाला जोडलेले असते आणि एक व दोन ही दोन्ही पडद्याला जोडलेली असतात. म्हणूनच आपण टंकतो ते कार्यक्रमाला मिळते आणि त्याचे म्हणणे आपल्याला पडद्यावर दिसते.

ही जोडणी बदलण्यासाठी काही चिन्हे आहेत. आज्ञा व अंक यंत्रावर इंग्रजी लिपीत टंकावे लागतात. येथे ते उच्चाराप्रमाणे नागरीत दिले आहेत.

सॉर्ट शब्द > क्रमवार

सॉर्ट हा कार्यक्रम ओळी क्रमाने लावतो. बाणाचे टोक उजवीकडे आहे. याचा अर्थ, एक क्रमांकाचे तोंड पडद्यावरून काढून ‘क्रमवार’ नावाच्या फाइलीला जोडा. पडद्यावर काहीच दिसणार नाही. क्रमाने लावलेले शब्द त्या फाइलीत सापडतील.

डब्ल्यूसी -एल < शब्द

डब्ल्यूसी हा कार्यक्रम मोजणी करतो. ‘-एल’ म्हणजे ओळी मोज. येथे बाणाचे टोक डावीकडे आहे, म्हणजे शून्य क्रमांकाच्या तोंडाला कळफलकाऐवजी फाइल जोडली. या आज्ञेत एक गंमत आहे. बाण न घालता ‘डब्ल्यूसी -एल शब्द’ असे लिहिले तर उत्तर येते ‘४३७ शब्द’. बाण घातला तर येते नुसते ‘४३७’. पहिल्या वेळी कार्यक्रमाने फाइल स्वतः उघडली, म्हणून त्याला तिचे नाव माहीत होते. दुसऱ्या वेळी फाइल शेलने उघडून त्याच्या तोंडाशी आणून दिली, म्हणून नाव त्याला कळलेच नाही. दारे धरणारा निराळा आणि मोटर निराळी, याचा याहून सोपा पुरावा मला सापडलेला नाही.

दोन बाण लागोपाठ लिहिले, म्हणजे >> असे, तर नवीन मजकूर फाइलीतील जुन्या मजकुराच्या शेवटी जोडला जातो. एकच बाण लिहिला तर फाइल आधी रिकामी केली जाते व मग भरली जाते. दोन चिन्हांत फरक एका कळीचा, परिणामात फरक सगळ्या कामाचा.

हे कोणी व का केले

ही पद्धत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाली. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये युनिक्सच्या कामाला आरंभ केला. त्याआधी ही प्रयोगशाळा मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रकल्पात सहभागी होती. उत्तर फाइलीकडे वळवण्याची सोय मल्टिक्समध्येही होती. परंतु त्यासाठी आधी फाइल जोडण्याची आज्ञा, मग मूळ काम, मग जोडणी पूर्ववत करण्याची आज्ञा, असे तीन टप्पे करावे लागत. युनिक्समध्ये तेच काम एका चिन्हावर आले. शिवाय कळफलक, पडदा, छपाईयंत्र या सर्वांशी कार्यक्रमाने फाइलीसारखेच वागावे असा नियम तेथे केला होता. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे जोडले तरी कार्यक्रमात एक अक्षरही बदलावे लागत नाही.

त्याच प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात अशी कल्पना मांडली होती की, बागेला पाणी घालण्याच्या नळ्या जशा एकीला एक जोडता येतात तसे कार्यक्रम जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. त्यासाठी पुढे | ही उभी रेघ रूढ झाली. ‘सॉर्ट शब्द | युनिक > क्रमवार’ असे लिहिले की सॉर्टचे उत्तर मधल्या फाइलीवाचून थेट युनिक या कार्यक्रमात जाते. तो लागोपाठ आलेल्या सारख्या ओळींपैकी एकच ठेवतो, आणि शेवटचे उत्तर फाइलीत पडते. पाण्याचीच उपमा त्यांनाही सुचली हे वाचून मला बरे वाटले.

चुकांसाठी दुसरे तोंड मागाहून आले. त्याची हकीकत अशी सांगतात की, बेल प्रयोगशाळेतील मजकूर फोटोटाइपसेटर यंत्रावर जुळवला जाई. तेव्हा उत्तर आणि चुका एकाच वाटेने जात असल्यामुळे पडद्यावर दिसायला हवी ती तक्रार सुबक टाइपात जुळून येई आणि खेप वाया जाई. दोन वाटा वेगळ्या केल्यावर हा त्रास संपला. आज ‘सॉर्ट शब्द > क्रमवार’ या आज्ञेत ‘शब्द’ ही फाइलच नसेल, तर तशी सूचना ‘क्रमवार’मध्ये न जाता पडद्यावर येते ती याच कारणाने. चुकाही साठवायच्या असतील तर ‘२> चुका’ असे लिहावे. दोन्ही एकत्र हवे असतील तर ‘> सगळे २>&१’ असे लिहितात. याचा अर्थ, दोन क्रमांकाला तेथेच जोड जेथे आता एक क्रमांक जोडलेला आहे. शेल हे डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून क्रम उलटा केला तर चुका पडद्यावरच येत राहतात. कारण त्या वेळी एक क्रमांक अजून पडद्यालाच जोडलेला असतो. आणि एखादे उत्तर मुळी नकोच असेल तर त्यासाठी ‘डेव्ह नल’ नावाची जागा आहे. तेथे सोडलेले ओढ्याला सोडलेल्या पाण्यासारखे जाते. परत येत नाही.

या सोयींचा उपयोग केवळ हौशी माणसांपुरता आहे असे समजू नये. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अलीकडच्या काळात पुण्याच्याच आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ हे यंत्र बसवण्यात आले. अशा यंत्रांवर काम करणारा संशोधक पडद्यासमोर उत्तराची वाट पाहत बसत नाही. तो आपले काम रांगेत लावून घरी जातो. पाळी आली की ते चालते आणि उत्तर फाइलीत जाऊन पडते. आमच्याकडे पाळी रात्रीची आली तर दारे धरायला जागावे लागते. तेथे शेलसारखा कोणी आधीच दारे लावून ठेवतो, एवढाच काय तो फरक.

माझी चूक

आता मूळ प्रसंगाकडे येते. प्रकल्प सादर करण्याच्या आठ दिवस आधी मी रात्री शब्द अकारविल्हे लावायला बसले. वेगळी फाइल कशाला, त्याच फाइलीत क्रम लागला तर बरे, अशा विचाराने मी लिहिले :

सॉर्ट शब्द > शब्द

आज्ञा तत्काळ संपली. कोणतीही तक्रार आली नाही. मी समाधानाने फाइल उघडली, तर ती कोरी होती. दुसरीच फाइल उघडली असेल म्हणून पुन्हा पाहिले. तीच होती. आकार शून्य.

झाले ते असे. ओळ वाचल्यावर शेलने आधी स्वतःची एक प्रत निर्माण केली. त्या प्रतीने कार्यक्रम सुरू होण्याआधी दारे लावायला घेतली. बाण दिसल्याबरोबर तिने ‘शब्द’ ही फाइल लिहिण्यासाठी उघडली, आणि एकेरी बाणाच्या नियमाप्रमाणे उघडतानाच रिकामी केली. ती एक क्रमांकाच्या तोंडाला जोडली. हे सर्व झाल्यावर सॉर्ट सुरू झाला. त्याला ‘शब्द’ वाचायला सांगितले होते. त्याने ती वाचली, तीत काही नव्हते. काही नसलेले त्याने क्रमाने लावले आणि काही नाही असे उत्तर दिले. सॉर्टचे काही चुकले नाही. शेलचेही चुकले नाही. त्यांच्या हिशेबाने सर्व ठीक झाले, म्हणून तक्रार करायलाही कोणी नव्हते. आणि फाइल कचरापेटीत टाकली तर ती तेथे तरी सापडते. येथे फाइल जागेवरच असते, आतला मजकूर तेवढा गेलेला असतो.

मी डावीकडून उजवीकडे वाचत होते : आधी सॉर्ट, मग बाण. यंत्राने आधी बाण पाहिला, मग सॉर्ट. आबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की, पाणी यायच्या आधी दार धरायचे असते. ते वाक्य मी उदाहरण म्हणून त्याच फाइलीत लिहून ठेवले होते.

दुसरी प्रत नव्हती. वहीत सुरुवातीचे ९० शब्द होते. पुढे मी सरळ यंत्रावरच लिहीत गेले होते.

पुन्हा पाणी देणे

सरांनी मुदत वाढवून दिली. मी पुन्हा आबांपाशी बसले. ते न कंटाळता सांगत राहिले, आणि अनेक शब्द परत आले. काही तर नवीनच निघाले. परंतु पहिल्या वेळी बोलता बोलता जे सहज आले होते ते विचारून येईना. एक शब्द मला विशेष आठवतो. खरे तर शब्द आठवत नाही, त्याचा अर्थ आठवतो. रात्रीच्या पाळीला अंधारात उभे असताना कोरड्या दंडातून पाणी पुढे सरकत येते. ते दिसण्याच्या आधी सुक्या मातीचा आणि पाचोळ्याचा एक बारीक आवाज होतो. त्या आवाजाला आबांनी एक शब्द सांगितला होता.

मी म्हटले, “आबा, त्या दिवशी तुम्ही सांगितला होता. पाणी दिसायच्या आधीचा आवाज.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आगं, तवा बोलण्यात आला आसंल. आता कुठनं आणू? इस वरसं झाली, राती दारं धरायला गेलोच न्हाय.”

दुसऱ्या वेळच्या यादीत ३९२ शब्द भरले. प्रकल्प सादर झाला. परीक्षकांना त्यात काही उणे वाटले नाही, कारण काय उणे आहे हे मलाच माहीत होते.

त्यानंतर मी काही नियम पाळते. ते येथे देते.

पहिला, ज्या फाइलीतून वाचायचे तिच्याकडेच बाण वळवू नये. सॉर्टला त्याच फाइलीत क्रम लावायचाच असेल तर त्याची स्वतःची सोय आहे : ‘सॉर्ट -ओ शब्द शब्द’. येथे फाइल शेल उघडत नाही, सॉर्ट स्वतः उघडतो. आणि सगळे वाचून झाल्यावरच लिहायला घेतो.

दुसरा, शेलला सांगून ठेवता येते की, असलेल्या फाइलीवर एकेरी बाण चालवू देऊ नकोस. ती आज्ञा अशी : ‘सेट -ओ नोक्लॉबर’. मग ‘> शब्द’ असे लिहिले तर शेल नकार देतो. मुद्दामच पुसायचे असेल तर >| असे लिहावे लागते, म्हणजे हात एकदा तरी थांबतो. ही आज्ञा शेलच्या आरंभीच्या फाइलीत लिहून ठेवावी, नाही तर टर्मिनल बंद केल्यावर ती विसरली जाते.

तिसरा, उत्तर पाहायचेही असेल आणि साठवायचेही असेल तर ‘टी’ हा कार्यक्रम वापरावा : ‘सॉर्ट शब्द | टी क्रमवार’. पाइपलाइनला तीन तोंडांचा जो तुकडा लावतात त्याला आपल्याकडचे लोकही टी म्हणतात. नाव त्यावरूनच आहे. प्रवाह एका बाजूने फाइलीत जातो, दुसऱ्या बाजूने पडद्यावर येतो. मात्र ‘टी’देखील फाइल आधी रिकामी करतो; जोडायचे असेल तर ‘टी -ए’ लिहावे.

चौथा नियम यंत्राचा नव्हे. रोजच्या कामाची प्रत रोज दुसऱ्या जागी ठेवावी, आणि माणसाच्या तोंडून ऐकलेले वहीतही लिहावे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला आज्ञांची ही चिन्हे पाठ असायला हवीत असे माझे म्हणणे नाही. परंतु यंत्राच्या दृष्टीने मजकूर म्हणजे नुसता प्रवाह असतो. ‘पाळी’ या शब्दाची त्याच्या लेखी प आणि काना, ळ आणि वेलांटी अशी चार चिन्हे होतात व ती युनिकोडच्या प्रचलित साठवणीत बारा बाइटे व्यापतात. त्याहून अधिक त्याला ठाऊक नाही. त्या शब्दासाठी कोणी रात्र जागवली होती हे आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून दार कोणते मोडले आणि कोणते बांधले, हे पाणी सोडण्याआधी आपणच पाहिले पाहिजे.

शेवटी एक विनंती. नीरेच्या काठच्या गावांतील आपले पुष्कळ विद्यार्थी या महाविद्यालयात आहेत. कोणाच्या घरी रात्रीच्या पाळीला दारे धरलेले वडीलधारे असतील, तर पाणी दिसण्याच्या आधीच्या त्या आवाजाला ते काय म्हणतात एवढे विचारावे. शब्द मिळाला तर मराठी विभागात माझ्या नावाने चिठ्ठी ठेवावी. मी तो प्रथम वहीत लिहीन.